डोळ्यांपुढचा अंधार आणि प्रवासाची एक नोंद





वार्षिक अहवालात माझ्या वाट्याला बहुधा जमाखर्चाची पाने येतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि, अहवाल वर्षात आपल्या रुग्णालयाच्या केसपेपरवर 'गेल्या सहा महिन्यांत कोठे प्रवास केला?' अशी एक नवी ओळ छापण्यात आली आणि तिचे प्रयोजन अनेकांनी विचारले. ते सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण त्यामागे माझ्याच घरातील अनुभव आहे. वैद्यकीय माहिती नेत्रविभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन, जमेल तशी सोपी करून येथे मांडत आहे.

माझ्या थोरल्या भगिनी कन्येच्या बाळंतपणासाठी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात गेल्या होत्या. मे ते ऑगस्ट त्यांचा मुक्काम तेथे होता. घरामागे दाट झाडी, परसात गवत आणि ताईंना बागकामाची हौस. परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली, पापणी मिटेना. पुढे त्या डोळ्यापुढे धुके दाटू लागले आणि दहा दिवसांत समोर धरलेली बोटेही मोजता येईनात. ताईंना मधुमेह असल्याने गावातील एका दवाखान्यात सारा दोष त्यालाच देण्यात आला. डोळ्यांत घालावयाचे स्टिरॉइडचे थेंब मिळाले. लाली उतरली, परंतु अंधार कायम राहिला.

आपल्या रुग्णालयात त्यांना आणले तेव्हा तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी प्रथम विचारले, "आजी, गेल्या काही महिन्यांत कुठे गेला होतात?" तेव्हा अमेरिकेचा विषय निघाला आणि गुडघ्यामागे उठलेल्या, हळूहळू पसरत गेलेल्या लाल वर्तुळाची ताईंना आठवण झाली. डास चावला असेल, असे समजून त्या वेळी कोणी लक्ष दिले नव्हते. त्यानंतर रक्ताची दोन टप्प्यांची तपासणी व मणक्यातील पाण्याची तपासणी झाली आणि लाइम आजाराचे निदान निश्चित झाले.

हा आजार बोरेलिया या मळसूत्री आकाराच्या जिवाणूमुळे होतो. हरिणांच्या अंगावर आढळणाऱ्या विशिष्ट जातीच्या गोचिडी तो माणसापर्यंत आणतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चावणारी अर्धवाढ अवस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते व तिचा दंश दुखत नाही. त्यामुळे तो बहुधा ध्यानातच येत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात व युरोपातील अनेक देशांत हा आजार सर्रास आढळतो. अमेरिकेत 2023 साली 89,000 हून अधिक रुग्णांची अधिकृत नोंद झाली. आपल्याकडील डॉक्टरांना मात्र असा रुग्ण क्वचितच पाहावयास मिळतो आणि म्हणूनच प्रवासाची माहिती मोलाची ठरते.

या आजारात डोळ्यांना इजा होणे तुलनेने विरळ आहे. परंतु ती अनेक वाटांनी होऊ शकते. प्रारंभी डोळे केवळ लाल होतात. चेहऱ्याची नस दुर्बळ झाल्यास पापणी मिटत नाही आणि उघडे राहिलेले पारपटल कोरडे पडून त्यावर जखम होते. डोळ्याच्या आतील थरांना सूज आली, तर दाहातील पेशी आतील पारदर्शक द्रवात तरंगू लागतात आणि काचेवर वाफ धरावी तशी दृष्टी धूसर होते. क्वचित डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेलाच सूज येते. काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो. मग उठताना वा वाकताना काही सेकंद डोळ्यांपुढे पूर्ण अंधार येतो आणि पुन्हा दिसू लागते. 'आपोआप बरे वाटले' म्हणून अशा क्षणिक अंधाराकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. दाब तसाच राहिल्यास नसेची हानी कायमची होऊ शकते.

दिलाशाची गोष्ट ही, की सूज वेळेत उतरली तर पुष्कळदा दृष्टी परत येते. त्यासाठी मुळातील जिवाणूवर योग्य प्रतिजैविक द्यावे लागते. आजाराच्या स्वरूपानुसार डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या किंवा शिरेवाटे सेफ्ट्रायक्झोन देतात. केवळ स्टिरॉइडने दाह दबतो, जंतू दबत नाही. ताईंना प्रथम खिडकीचा उजेड कळू लागला, मग साडीचा रंग आणि सुमारे तीन महिन्यांनी वर्तमानपत्राचे मथळे. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

या आजाराचा शोधही एका नोंदवहीतूनच पुढे गेला, हे कळल्यावर मला विशेष वाटले. कनेक्टिकटमधील लाइम परिसरात राहणाऱ्या पॉली मरे या गृहिणी आपल्या कुटुंबातील सांधेदुखी, पुरळ, ताप यांची टिपणे ठेवीत असत. त्यांनी व आणखी एका मातेने 1975 साली राज्याच्या आरोग्य खात्याचे लक्ष तिकडे वेधले. येल विद्यापीठातील डॉ. ॲलन स्टीअर यांनी तपास केला आणि त्या परिसरावरूनच आजाराला नाव मिळाले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना 1981 साली गोचिडीच्या पोटात हा जिवाणू आढळला. आईने ठेवलेली टिपणे शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली, ही गोष्ट रुग्णांच्या नातेवाइकांनी जरूर ध्यानी घ्यावी.

परदेशी न जाणाऱ्यांनाही या ओळीचा उपयोग आहे. आपल्याकडील लेप्टोस्पायरोसिसचा जंतू याच मळसूत्री कुळातला. उंदरांच्या व गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या भेगा-जखमांवाटे तो शरीरात शिरतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली, हे आपणांस स्मरत असेलच. ताप उतरून काही आठवडे वा महिने लोटल्यावरही या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. तमिळनाडूत 1993 च्या पुरानंतर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात अशा रुग्णांची मोठी संख्या आढळली होती. म्हणून भाताच्या खाचरात राबलेल्या किंवा पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाने तेही डॉक्टरांना सांगावे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना विनंती, की झाडीत वा गवतात जाताना अंगभर कपडे घालावेत आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू व केस तपासावेत. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावू नये, चटका देऊ नये. पहिल्या 24 तासांत ती काढली गेल्यास संसर्गाची शक्यता फारच कमी असते. अंगावर पसरणारे वर्तुळ उठल्यास तेथेच डॉक्टरांना दाखवावे. अर्थात, प्रत्येक धूसर दृष्टीचे कारण हा आजार नव्हे. मोतीबिंदू, काचबिंदू व मधुमेह ही नेहमीची कारणे आहेतच. मात्र दृष्टी अकस्मात मंदावल्यास एक दिवसही दवडू नये.

ताईंच्या डोळ्यातील दाहाच्या पेशी ज्या स्लिट लॅम्पखाली दिसल्या, तो आपल्यासारख्याच एका देणगीदारांनी दिलेला आहे. त्यांचे ऋण शब्दांत मांडणे कठीण. केसपेपरवरील नव्या ओळीला मात्र फारसा खर्च आलेला नाही. ती रिकामी न सोडता भरावी, एवढेच आपणा सर्वांकडे नम्र मागणे.

आपला स्नेहांकित,
प्रशासकीय अधिकारी