केंब्रिजचे वार्तापत्र : शिकवणाऱ्याचे शिक्षण

केंब्रिज, नोव्हेंबरअखेर

दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच या दिवसांत येथे दिवेलागण होते; आणि शाळा सुटून मुले सायकलींवरून पांगली की, आमच्या मावळात ज्या वेळी गुरुजी घरच्या एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर उभे असतात त्या वेळी, येथील काही शिक्षक दुसऱ्याच एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गाकडे निघालेले दिसतात. गेल्या मंगळवारी अशा एका बैठकीस बसण्याचा योग आला. संगणकशास्त्र शिकवणारे अकरा शिक्षक, चहाची किटली, आणि फळ्यावर आज्ञावलीच्या चार ओळी : ‘क’ या चलाला ५ ही किंमत द्यावी, ‘ख’ला ३ द्यावी, मग ‘क’ला ‘ख’ची किंमत द्यावी, आणि अखेरीस ‘ख’ला ‘क’ची.

यंत्र म्हणते की दोन्हींत ३ उरतात, कारण चौथी ओळ येईपर्यंत ‘क’मधील ५ पुसले गेलेले असतात. परंतु एका बाईंनी सोबत आणलेल्या वहीत तेरा वर्षांच्या मुलाने लिहिले होते : ‘ख’मध्ये ३, आणि ‘क’ रिकामा. त्या उत्तरावर लाल फुली मारून पुढे जाणे किती सोपे होते! तसे न करता त्या अकरा जणांनी अर्धा तास त्या एकाच उत्तराची चिकित्सा केली, तेव्हा उलगडा झाला. ‘चल म्हणजे डबा’ ही उपमा बाईंनीच वर्गात दिली होती. आणि एका डब्यातील जिन्नस दुसऱ्यात ओतला की पहिला रिकामा होतो, हे त्या मुलाला घरच्या स्वयंपाकघराने केव्हाच शिकवले होते. मुलाने उपमेवर पूर्ण विश्वास ठेवला होता. तोकडी पडली होती ती उपमा. मग ठरले की, पुढील पंधरवड्यात काही वर्गांत डबा तसाच ठेवावा, काहींत त्याच्या जागी पुसता येणारी पाटी घ्यावी—कारण एका पाटीवरचा आकडा दुसरीवर उतरवून घेतल्याने पहिलीवरचा पुसला जात नाही—आणि दोन्हीकडच्या वह्या पुढील बैठकीस घेऊन यावे. संशोधन या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जे भव्य चित्र उभे राहते त्याचे मूळ बीज त्या संध्याकाळी मी पाहिले.

हा देश येथवर सुखासुखी आला असे मात्र कोणी समजू नये. याच केंब्रिज गावातील एकॉर्न कंपनीने घडवलेला बीबीसी मायक्रो संगणक १९८१ साली बाजारात आला, इंग्लंडच्या शाळाशाळांतून पोहोचला, आणि १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ नावाची शालेय संगणक-योजना हाती घेतली तेव्हा समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. परंतु पुढल्या काळात येथील शाळांत संगणकाचा तास म्हणजे पत्रे टंकित करणे व तक्ते भरणे एवढाच उरला. २००८ साली काही शिक्षक, प्राध्यापक व उद्योगांतील मंडळींनी एकत्र येऊन ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ ही चळवळ उभी केली. सायमन पेटन जोन्स हे नामांकित संगणकशास्त्रज्ञ तिचे अध्यक्ष झाले. जानेवारी २०१२ मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम मोडीत काढण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच महिन्यात रॉयल सोसायटीने, बीबीसी मायक्रोच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या स्टीव्ह फर्बर यांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झालेला अहवाल प्रसिद्ध केला. आणि सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या बालकापासून पुढे सर्वांना संगणकशास्त्र शिकवावे असे फर्मान निघाले.

फर्मान निघाले, पण शिकवणार कोण? काल जे शिक्षक तक्ते भरायला शिकवीत होते त्यांनी आज आज्ञावली व तर्क शिकवावा, असा तो मामला होता. आणि २०१७ साली रॉयल सोसायटीनेच पुन्हा चौकशी करून सांगितले की, देशभरातील हे अध्यापन विस्कळीत आणि नाजूक अवस्थेत आहे, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावरील तरतूद दहापटीने वाढवली पाहिजे. सरकारने ८ कोटी ४० लक्ष पौंडांची रक्कम मंजूर केली, आठ हजार माध्यमिक शिक्षक तयार करण्याचे उद्दिष्ट ठरवले, आणि २०१८ साली संगणकशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. विषय आधी व शिक्षक मागाहून, ही या देशाची चूक होती. ती उघडपणे मोजून, छापून, तिच्यावर पैसा खर्च करण्याची तयारी हे या देशाचे बळ.

त्या खर्चातील एक बाब मला विशेष अर्थपूर्ण वाटली. शिक्षक प्रशिक्षणास गेला की त्याचा वर्ग सांभाळण्यासाठी बदली शिक्षक लागतो, आणि त्या खर्चापोटी शाळेला अनुदान देण्याची तजवीज या योजनेत होती. येथील सरकारी सेवाशर्तींप्रमाणे शिक्षकाचे वर्ष १९५ दिवसांचे. त्यांपैकी १९० दिवस मुलांसाठी आणि पाच दिवस केवळ शिक्षकांसाठी. शिवाय २००५ पासून अध्यापनाच्या वेळाचा दशांश तरी पूर्वतयारी व तपासणी यांसाठी राखून ठेवावा लागतो. शिक्षकाच्या शिकण्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाला किंमत असते, हे तत्त्व हा देश भाषणात सांगून थांबत नाही, जमाखर्चाच्या वहीत लिहितो.

याच्या मुळाशी एक जुनी विचारधारा आहे. येथून फार दूर नसलेल्या नॉरिच येथील विद्यापीठात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, अभ्यासक्रम ही वर्गात तपासून पाहण्याची एक कल्पना असते, आणि ती तपासण्याचा अधिकार व जबाबदारी शिक्षकाचीच. त्याच मार्गाने चालणाऱ्या स्यू सेंटन्स यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिज विद्यापीठात २०२१ साली संगणकशिक्षणाच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. मुलांनी कोरा पडदा पाहून बिथरू नये म्हणून आधी तयार आज्ञावली वाचून ती काय करील याचे अनुमान बांधावे, मग ती चालवून पाहावी, तिची चिकित्सा करावी, तिच्यात फेरबदल करावा, आणि सरतेशेवटी स्वतःची निर्मिती करावी, ही त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धती शेकडो मुलांच्या वर्गांत शिक्षकांनीच पारखली. अशा अनुभवांना वाट मिळावी म्हणून २०१७ पासून ‘हॅलो वर्ल्ड’ हे नियतकालिक निघते, आणि त्यात वर्गशिक्षकही प्राध्यापकांच्या पंक्तीला बसून लिहितात. येथेही सारे आलबेल नाही. गेल्या दशकात बहुतेक वर्षी या विषयाचे नवे शिक्षक ठरल्या संख्येने मिळालेले नाहीत, कारण उद्योगधंद्यांतला पगार त्यांना ओढून नेतो. तरी जो या पेशात राहिला तो एकटा पडू नये, एवढी काळजी समाज घेतो.

हे सारे पाहताना माझे मन वारंवार मावळात जाते. तेथील एका महाविद्यालयात मी काही वर्षे संगणक शिकवला. आणि त्या काळात प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावरची सही, दोन व्याख्याने व प्रमाणपत्र, एवढाच माझा अनुभव होता. ‘तुमच्या विद्यार्थ्यांचे कोठे अडते?’ असे मला एकदाही कोणी विचारले नाही, आणि ही खंत आजही मनात आहे. परंतु आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे सत्याला सोडून होईल. २०१६ पासून एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा ‘सीएसपाठशाळा’ हा उपक्रम, जेथे संगणक नाही तेथेही कागद, कोडी व खेळ यांच्या आधारे संगणकीय विचार कसा शिकवावा, हे शाळांतील शिक्षकांना दाखवीत आला आहे. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर यांच्यासारख्या प्राध्यापकांनी शाळांसाठी ‘कम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकमाला सिद्ध केली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. ते ५० तास कशाने भरायचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी मावळातल्या आम्हा लोणावळेकरांना केंब्रिजला येण्याची गरज नाही. अमळनेरला अध्यापन केलेल्या एका शिक्षकाने, स्वामी कुवलयानंदांनी, बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली योगक्रियांचे परीक्षण केले, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. साधना, अध्यापन, प्रयोगशाळा आणि नियतकालिक ही चारही अंगे एका छपराखाली नांदावीत, गुरूने जे शिकवायचे ते आधी स्वतः कसोटीला लावावे, आणि निष्कर्ष छापून इतरांच्या तपासणीस खुले ठेवावेत, हा वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या मातीत घालून दिला गेला आहे.

म्हणून अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ येथील शिक्षकबंधूंना व भगिनींना, आणि वडगावच्या पंचायत समितीतील अधिकाऱ्यांना, माझी नम्र सूचना आहे. केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतातच. त्यांतील परिपत्रकांचे वाचन संपले की अर्धा तास राखून ठेवावा, प्रत्येकाने एका मुलाचे एक चुकलेले उत्तर वहीसकट आणावे, आणि ते मूल असे का म्हणाले याचा सर्वांनी मिळून शोध घ्यावा. त्याला अनुदान लागत नाही, यंत्रही लागत नाही. त्या मंगळवारी बैठक उठली तेव्हा बाईंनी ती वही पिशवीत ठेवली, आणि दाराशी थांबून मला सांगितले की, उद्या सकाळी सर्वांत आधी त्या मुलाला बोलावून, ‘तुझ्या उत्तरामुळे आम्हाला काही नवे कळले,’ एवढे त्याला सांगायचे आहे. ते वाक्य आपल्याकडच्या एखाद्या मुलाच्याही कानी लवकरच पडावे, एवढ्याच इच्छेने हे पत्र पुरे करतो.