नाकाचा पहारा सुटतो तेव्हा

"भाजीला काही चवच नाही," ही घरातील वडीलधाऱ्यांची नेहमीची तक्रार. सूनबाई मीठ वाढवते, मसाला वाढवते, तरी सासऱ्यांचे समाधान होत नाही. दोष मात्र पुष्कळदा भाजीचा नसतो, नाकाचा असतो.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचा सारा स्वाद म्हणजे वासच असतो. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचे श्रीखंड जिभेवर ठेवून पाहा. गोड-आंबट कळेल, वेलदोडा कळणार नाही. चिमूट सोडताच तो कळेल. मिरचीचा तिखटपणा म्हणजे झोंबणे. ते कळवणारा मज्जातंतू वेगळा आहे. त्यामुळे वास गेलेला माणूसही ठेच्याने हाय-हाय करतो आणि आपले नाक शाबूत आहे, असे समजतो.

हा विकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. अमेरिकेतील सरकारी पाहणीत चाळिशी ओलांडलेल्या साधारण आठ जणांमागे एकाची वास ओळखण्याची शक्ती कमी झालेली आढळली. वयाबरोबर हे प्रमाण वाढते. वास हळूहळू कमी होत असल्याने अनेकांना त्याचा पत्ताच लागत नाही. करोनाच्या साथीत तो एकाएकी गेला, तेव्हा सर्वांचे लक्ष गेले. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास व चव जाणे हे करोनाचे लक्षण म्हणून नोंदवले.

कारणे कोणती?

जुनी सर्दी, अ‍ॅलर्जी, सायनसची सूज व नाकातील मांसल वाढ ही नेहमीची कारणे. विषाणूंच्या तापानंतरही वास जातो. डोक्याला मार बसला, तर नाकाच्या छतावरील चाळणीसारख्या हाडातून जाणारे नाजूक मज्जातंतू तुटतात. हेल्मेट वापरण्याचे हेही एक कारण. तंबाखूचे सेवन, काही औषधे व तोंड कोरडे पडणे यांनी चव बिघडते. क्वचित कंपवाताची ही वर्षानुवर्षे आधी मिळालेली सूचना असते.

आपल्या भागात आणखी एक कारण लक्षात ठेवावे. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत किंवा उल्हासनगरच्या फर्निचर पॉलिशच्या कामात तीव्र वाफा वर्षानुवर्षे नाकात गेल्यास वास ओळखणाऱ्या पेशींना इजा होऊ शकते. मालकाने योग्य मास्क द्यावा व कामगाराने तो वापरावा. साधा रुमाल वायू अडवत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांतून वायू उठला व शेकडो जणांना त्रास झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथ शहरात रासायनिक धूर पसरून लोकांचे डोळे व घसा चुरचुरला. अशा वेळी नाक हाच पहिला पहारेकरी. पण त्यावरही पूर्ण विसंबू नये. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाण वाढल्यावर नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नका. तेथून ताबडतोब दूर व्हा.

घरच्या सिलिंडरचेही तेच. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळतात. ज्यांना तो वास येत नाही, अशा वृद्धांनी घरात एकटे राहत असल्यास झोपताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय ठेवावी. गळतीची शंका आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये. खिडक्या उघडून बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.

उपाय काय?

सर्दी बरी होऊनही दोन-तीन आठवड्यांत वास परतला नाही, एकाच नाकपुडीचा गेला किंवा डोक्याला मार लागल्यावर गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. सूज वा मांसल वाढ असल्यास उपचारांनी बराच फायदा होतो. तापानंतर वास गेला असल्यास नाकाला 'व्यायाम' द्यावा: गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, निदान तीन महिने लक्षपूर्वक घ्यावेत. वास ओळखणाऱ्या पेशी नव्याने तयार होत असल्याने पुष्कळांना यामुळे गुण येतो. मात्र धीर हवा.

तोवर चवीसाठी मीठ-साखर वाढवू नका. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना ते महागात पडते. लिंबू, आले, पुदिना वापरा. आणि उद्या आजोबांनी ताट बाजूला सारले, तर रागावण्याआधी त्यांच्या नाकाशी एक लवंग धरून पाहा.