सेवेची वाट (लेखांक ६): प्रसिद्धीनंतरचा आडोसा

गेल्या आठवड्यात आपण तार्साच्या पौलापाशी थांबलो होतो. बंधुवर्गाने त्याला तार्सास लावून दिले, आणि बर्णबा त्याला शोधत येईपर्यंतच्या काळाबद्दल प्रेषितांची कृत्ये काहीच सांगत नाहीत. मिद्यानात चाळीस वर्षे काढणारा मोशे आणि अभिषेकानंतरही मेंढरांकडे परतलेला दावीद हेही आपण पाहिले. या कथा सांगताना मंडळीत शेवट बहुधा ठरलेला असतो: थांब, देव तुला घडवतो आहे, तुझी वेळ येईल.

हे खरेच आहे, पण अपुरे आहे. वेळ येईल या आशेवर उभी असलेली शांती, वेळ लांबली की डळमळते. शिवाय ज्याची वेळ येऊन गेली, त्याने कशाच्या आधारावर राहायचे? निवृत्त होऊन मागच्या बाकावर बसू लागलेला पाळक किंवा गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे घरभेटी बंद झालेली सेविका यांना ‘पुढे बघ’ म्हणून भागत नाही.

म्हणून आज पंडिता रमाबाईंची शेवटची वर्षे पाहू. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा होता. लोकांसमोर येणे आधी घडले, आडोसा नंतर आला. १८७८ साली, वयाच्या विशीत, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. पुढे त्यांनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. नंतर पुण्याजवळच्या केडगावी दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींचे ‘मुक्ती’ सदन उभे राहिले. इथवरची कथा आपल्याला पाठ असते.

त्यानंतरची कमी सांगितली जाते. पन्नाशीच्या सुमारास रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या. ऐकू येणे इंग्लंडमध्ये असल्यापासूनच कमी होत गेले होते. सभा आणि प्रवास मागे पडले. समोर उरली ६६ पुस्तके, म्हणजे १,१८९ अध्याय.

छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुली-बायकांच्या हातून व्हायची. मुक्तीतल्या कित्येक जणी गुजरात आणि मध्य प्रांतातून आलेल्या. मराठी त्यांची मातृभाषाही नव्हती. खिळे जुळवणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. शिशाच्या प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटे असते. ते खणातून उचलायचे, काना-मात्रा, रफार, अनुस्वार चुकवायचा नाही, आणि ओळीमागून ओळ बसवत पान भरायचे. मग कच्चा छाप काढून तपासायचा, चुकीचा खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसवायचा. पान छापून झाले की खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे, म्हणजे पुढच्या पानाला मिळतात. आठवडाभराच्या कष्टांची जुळणी अशी मोडून टाकायची आणि नव्याने सुरुवात करायची.

जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुक्तीची धुरा तिनेच पुढे न्यावी अशी अपेक्षा होती. तरीही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या; संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ साली. आणि आले तेव्हाही मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. रमाबाईंचे भाषांतर मुख्यतः अभ्यासकांच्या हाती राहिले.

‘वेळ येईल’ हे सूत्र इथे लागू पडत नाही. त्या वर्षांचे चीज कुठल्या व्यासपीठावर झाले नाही. मग ती वर्षे वाया गेली म्हणायची का? नाही, कारण त्यांचा हिशेब लोकांच्या दाद देण्यावर बेतलेलाच नव्हता. हे वचन मुळाशी प्रामाणिक उतरले का, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल का, या प्रश्नांचे उत्तर त्या दिवशीच्या कामातच मिळत होते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू गुप्तपणे केलेले पाहणाऱ्या पित्याविषयी बोलतो. तो पिता पाहतो आहे यावर विश्वास असेल, तर काम पुरे व्हायला दुसरा साक्षीदार लागत नाही. आडोशातली शांती इथून येते, उद्याच्या आश्वासनातून नव्हे.

यातून आपल्यासाठी निघते ते साधे आहे. नेमणुकीची वाट पाहणाऱ्याने किंवा निवृत्ताने स्वतःला एक असे काम लावून घ्यावे, ज्याचा बरेवाईटपणा टाळ्यांशिवाय ठरतो. एखाद्या मुलाला वाचायला शिकवावे, एका पुस्तकाचा नेटाने अभ्यास करावा किंवा नावे घेऊन रोज प्रार्थना करावी. आणि ते शक्यतो एकट्याने करू नये. रमाबाई जगाच्या नजरेआड होत्या, पण एकट्या नव्हत्या. खिळे जुळवणारे हात सोबत होते.

मात्र एक धोका आहे. ‘धीर धर, देव तुला लपवून ठेवतो आहे’ हे वाक्य समित्यांनाही फार सोयीचे पडते. एखाद्याचे मानधन महिनोन्‌महिने अडकले किंवा बाई आहे म्हणून एखादीला वचन सांगू दिले नाही, तर ती देवाने दिलेली प्रतीक्षा नसते. तो माणसांनी केलेला अन्याय असतो. या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, आणि तोंड कधी उघडायचे, हा पुढच्या आठवड्याचा विषय.