बदामी ठोकळ्यातला संगणक

व्हॉल्व्ह कंपनीच्या २००७ सालच्या ‘पोर्टल’ या गेममधला ‘कम्पॅनियन क्यूब’ म्हणजे सहाही बाजूंवर गुलाबी बदाम असलेला करडा ठोकळा. १७व्या चाचणी-कक्षात तो खेळाडूच्या हाती येतो आणि शेवटी त्याला भट्टीत टाकावंच लागतं. चाहत्यांच्या मनाला तो प्रसंग अजूनही चटका लावतो.

संगणकाच्या केससाठी या ठोकळ्याचा आकार फारच सोयीचा.

व्हीआयए कंपनीनं २००१मध्ये आणलेला मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड जेमतेम १७ बाय १७ सेंटिमीटरचा. नेहमीचा एटीएक्स ३०.५ बाय २४.४. जोडीला छोटा एसएफएक्स पॉवर सप्लाय. खरी अडचण ग्राफिक्स कार्डाची! त्याची लांबी मोजूनच ठोकळ्याचं माप ठरवावं. हवा खालून आत, वरून बाहेर. जाळ्या कडांच्या खाचांत बसवल्या तर रूप बिघडत नाही. कोपरे थ्रीडी प्रिंटरवर काढताना पीएलए प्लास्टिक टाळलेलं बरं, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी ८०च्या जवळपास तग धरतं. बदामांना दुधी अ‍ॅक्रिलिक लावलं की आतल्या एलईडी पट्टीचा उजेड सारखा पसरतो.

एलईडी पट्टी जोडण्यापूर्वी तिचं व्होल्टेज जरूर तपासा. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या पिनांवर लावली, तर ती जळते.