प्रॉडक्शनची चावी कोणाकडे?

आसनगाव सुटलं की ज्यांचं नेटवर्क गायब होतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून. सुरुवात एका कबुलीने करतो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पावसाळ्याचे दिवस, शहापूरच्या घरून काम चालू, लाइट येऊन-जाऊन. स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या उघड्या. एक टेस्ट डेटाबेसची, दुसरी प्रॉडक्शनची, म्हणजे खऱ्या ग्राहकांचा डेटा असतो त्या सिस्टिमची. मला टेस्टमधल्या एका ऑर्डरचं स्टेटस बदलायचं होतं. अपडेटची कमांड मारली, पण 'व्हेअर'ची अट लिहायला विसरलो. त्यात खिडकी निघाली प्रॉडक्शनची! क्षणात सगळ्या ऑर्डर 'रद्द'. हात गार पडले राव.

लगेच टीम लीड मॅडमना फोन केला. बॅकअपवरून डेटा परत आणेपर्यंत पहाटेचे चार वाजले. मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडे तिथे लिहायचा ॲक्सेस होताच कशाला?"

तर आठ महिन्यांपूर्वी एका रात्री घाईचं काम निघालं म्हणून दिला होता. परत घ्यायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. माझ्याही नाही.

असं फक्त नवख्यांचंच होतं असं समजू नका. गिटलॅब ही तर डेव्हलपर लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अनुभवी इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचंच डेटाबेसचं फोल्डर उडवलं. चूक कळून थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या बऱ्याच सोयी ऐनवेळी निकामी निघाल्या आणि साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. माणूस हुशार होता, फक्त थकलेला होता. थकलेल्या हातात किती मोठी चावी असावी, हा खरा प्रश्न.

ही झाली चूक. आता मुद्दाम केलेल्या गोष्टीकडे येऊ, तीही आपल्या मुंबईतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा बाहेर आला. आकडा पुढे १३,००० कोटींच्या वर गेला. बँकेच्या हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेवरून परदेशी शाखांना जायचे, पण बँकेच्या मुख्य हिशेबाच्या सिस्टिममध्ये त्यांची नोंदच नसायची, कारण दोन्ही सिस्टिम एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. बँकेत नियम असतो की व्यवहार भरणारा एक आणि तपासून मंजूर करणारा दुसरा. मेकर आणि चेकर. हे दोघं खरोखर वेगळे राहिले नाहीत, तर नियम फक्त कागदावर उरतो.

आपल्या कोडचंही तसंच आहे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि तपासल्यावरच तो प्रॉडक्शनला जाणार.

मग नीट पद्धत काय? मी शिकलो ती सांगतो.

पहिलं, कामापुरताच ॲक्सेस. डेटा नुसता बघायचा असेल, तर फक्त वाचायची परवानगी पुरते.

दुसरं, ॲक्सेसला मुदत. रात्री काही बिघडलं तर दोन तासांसाठी द्या, वेळ संपली की तो आपोआप बंद. माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

तिसरं, प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. पाच जणांत एक 'ॲडमिन' आयडी असेल, तर चूक कोणाकडून झाली हे देवालाही कळणार नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. पण लॉगमध्ये सगळीकडे 'ॲडमिन' एवढंच असेल, तर ते जपून उपयोग काय?

चौथं, पासवर्ड आणि की कोडमध्ये लिहू नका. कोड दहा लॅपटॉपवर जातो, त्याच्यासोबत चावीही जाते.

पाचवं, माणूस नोकरी सोडतो किंवा टीम बदलतो त्याच दिवशी जुना ॲक्सेस बंद. आणि दर तीन महिन्यांनी यादी काढून बघा, कोणाकडे काय उरलंय.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, प्रत्येक वेळी परवानगी मागत बसलो तर काम कधी करायचं?" बरोबर आहे. परवानगीला तीन दिवस लागले, तर लोक एकमेकांचे पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवणार, आणि तो जास्त मोठा धोका. म्हणून नियम कडक हवा, पण मंजुरी दहा मिनिटांत मिळायला हवी.

हे फक्त मोठ्या कंपन्यांचं आहे असंही नाही. मुरबाडला माझ्या मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. ज्या पोराने बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं, त्याच्याकडे दोन वर्षांनीही ॲडमिन पासवर्ड तसाच होता. पोरगा प्रामाणिक. पण उद्या त्याचा फोन चोरीला गेला तर? मामाची सगळी उधारीची वही त्यात आहे!

तुमच्यापैकी बरेच जण गावातल्या पतसंस्थेचं, डेअरीचं, क्लासचं असं काम करून देत असाल. काम संपलं की मालकासमोर बसून पासवर्ड बदलून घ्या. स्वतःहून सांगा, "काका, आता माझ्याकडे चावी नको." यात अविश्वास कसला? उद्या काही गडबड झाली, तर संशय तुमच्यावर येणार नाही.

मी त्या पहाटे चार वाजता मॅडमना सांगितलं, माझा ॲक्सेस काढून टाका. त्यानंतर झोप मात्र शांत लागली.

तुमच्याकडे अजून कोणाची चावी उरलीय का? आज रात्री एकदा बघा. भेटू पुढच्या भागात!