मानवतच्या कापसातील दोन जुने शोध

विसाव्या शतकाच्या आरंभीचे शोध म्हटले की राइट बंधूंचे विमान, मार्कोनीचा बिनतारी संदेश आणि आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धान्त ही नावे चटकन पुढे येतात. परंतु परभणी जिल्ह्यातील कापसाची जुनी बाजारपेठ असलेल्या मानवतच्या परिसरात, काळ्या जमिनीवर आज जी पऱ्हाटी उभी असते, तिचे नाते त्याच काळातील अशा दोन शोधांशी आहे, ज्यांचा सर्वसामान्यांत कधी गाजावाजा झाला नाही.

पहिला शोध रेशमाच्या किड्यांच्या रोगातून लागला. 1901 साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकिडे पटापट मरण्यामागे एक जीवाणू असल्याचे दाखवले. पुढे 1911 मध्ये जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातून आलेल्या, पिठात होणाऱ्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत एर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जीवाणू आढळला आणि त्या प्रांतावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे नाव मिळाले. ‘बीटी’ ही त्याचीच आद्याक्षरे. हा जीवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या रसात ते विरघळतात, आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडतात आणि अळी खाणे थांबवून मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि हे प्रथिन ज्यांना चिकटते ती ग्रहणस्थाने आपल्या आतड्यात नसतात, म्हणून ते आपल्याला बाधत नाही. रेशीम पिकवणाऱ्याचा वैरी कापूस पिकवणाऱ्याचा मित्र ठरावा, हा योग मात्र जुळून यायला शंभर वर्षे लागली.

दुसरा शोध खरे तर पुनर्शोध होता. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून मेंडेल यांनी 1866 साली प्रसिद्ध केलेले आनुवंशिकतेचे नियम विस्मृतीत गेले होते. 1900 साली द व्रीस, कॉरेन्स आणि चेर्माक यांनी ते पुन्हा उजेडात आणले. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती संततीत येतात, एक आईकडून व एक बापाकडून, आणि काही गुण असे असतात की दोन्ही प्रती सारख्या असल्याखेरीज ते प्रकट होत नाहीत, हे त्या नियमांचे सार होय. या गुणांना अप्रभावी गुण म्हणतात.

बीटी प्रथिनाचे जनुक घातलेल्या कापसाला भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. हिरव्या व ठिपक्यांच्या बोंडअळीला त्याने चांगला आळा घातला. शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळी मात्र चिवट निघाली. तिच्या प्रादुर्भावाने फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, त्या गुंडाळलेल्याच राहतात व अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात; पुढे अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र भरून येते आणि आतली सरकी ती निवांत खात बसते, त्यामुळे फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती पसरू नये म्हणून बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या, बिगर-बीटी बियाण्याचे 120 ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई, ते मेंडेलच्या नियमाच्या आधारावरच. त्या साध्या ओळींत वाढलेले पतंग बीटीवर टिकून राहिलेल्या मोजक्या पतंगांशी जुळले की संततीत प्रतिकारशक्तीची एकच प्रत येते आणि ती अप्रभावी असल्याने त्या अळ्या बीटीवर बहुतांशी मरतात. मात्र त्या पाकिटाचे कारण ज्याला समजावून सांगायला हवे होते, त्या शेतकऱ्याला ते पुरेशा कळकळीने कोणी सांगितले नाही, आणि खतपाणी तेवढेच घालून कमी उत्पन्न देणाऱ्या ओळी लावायला तो राजी नव्हता, यात नवल ते काय! त्यातच आपल्याकडे बीटी प्रामुख्याने संकरित वाणांतून आले. जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल तर अशा झाडाच्या बोंडातील सुमारे चौथ्या हिश्शाच्या सरकीत ते उतरतच नाही, म्हणजे सरकी खाणाऱ्या अळीला अर्धवट विषाची सवय लागण्याची सोय बोंडातच होते.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा आणि विदर्भात कापसाचे अतोनात नुकसान केले. बियाण्याच्या तंत्रावर भिस्त ठेवण्याचे दिवस तेव्हाच सरले, असेच म्हणावे लागेल. आता उपाय उरतात ते जुन्या वळणाचे: कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवणे, डोमकळ्या तोडून नष्ट करणे, जिनिंगच्या आवारात साठलेल्या कापसातून निघणारे पतंग पकडणे. आणि भाव चढा असला तरी कापूस उत्पादकांनी डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीवर पुन्हा धरलेले पीक, घेऊ नये, वेचणी संपताच पऱ्हाट्या शेतातून काढाव्यात, कारण अळीची पुढच्या हंगामापर्यंतची बेगमी त्या फरदडीतच होते.