फॉरेस्टवाल्यांनी अडवलं तर

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आपण कारण विचारतो. बियाणं, दवाखाना, लेकराची फीस. पण एखादी बाई दबक्या आवाजात सांगते, "मालकाला फॉरेस्टवाल्यांनी धरलंय, मिटवायला पैसे पाहिजेत." अशा पैशाची पावती नसते. प्रकरण खरंच मिटलं की नाही, तेही कळत नाही. हप्ते मात्र बाईच्या गळ्यात पडतात. म्हणून आज या कायद्याबद्दल बोलू.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. शिकारीचा हक्क कुणालाच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. मोर, काळवीट, घोरपड तर सोडाच, ससा, तितर आणि रानडुक्कर मारणं हाही गुन्हा आहे, मग ते आपल्या वावरात का असेना. मोर, काळवीट, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांच्या शिकारीला कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे, दंड वेगळा. "आमचे वाडवडील मारायचे" हे कारण चालत नाही. किनवट-माहूरकडच्या बायांनी 2006 चा वनहक्क कायदा ऐकला असेल. त्यात गौण वनोपज आणि मासे यांचा हक्क आहे, पण शिकार त्यातून स्पष्ट वगळली आहे.

रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात, हे खरं आहे. तरी वन विभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय मारायचं नाही. आणि कुंपणाच्या तारेत करंट तर कधीच सोडायचा नाही. त्यात डुक्कर मरेल की पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस, याचा नेम नाही.

माशांचं थोडं वेगळं आहे. तळं मासेमारी संस्थेकडे ठेक्यानं असेल, तर गळ टाकण्याआधी संस्थेला विचारा. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणं हा गुन्हा आहे.

आता दुसरी गोष्ट. शिकारीचा हक्क नाही, पण अडवलेल्या माणसाला हक्क आहेत. निर्दोष माणसालाही आहेत आणि चुकलेल्यालाही आहेत.

वनाधिकारी आणि फौजदार किंवा त्यावरचे पोलीस अडवू शकतात, पिशवी आणि गाडी तपासू शकतात. पण गुन्हा झालाय असं मानायला वाजवी कारण लागतं. एखादी बाई पारधी समाजाची आहे, एवढं कारण पुरत नाही. अशा वेळी पळू नका, हुज्जत घालू नका. "साहेब, आपण कोण आणि कशासाठी अडवलं?" एवढं शांतपणे विचारा. आपलं नाव आणि पत्ता खरा सांगा. बोलावल्यावर हा माणूस हजर राहील अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर जागेवर अटक न करण्याची सोय याच कायद्यात आहे.

बाईच्या अंगाची झडती बाईनंच घ्यायची, तीही तिची अब्रू राखून. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल, तर महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. घराची किंवा आखाड्याची झडती पंचांसमोर व्हावी. घरच्या माणसाला तिथं थांबता येतं. जप्त केलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या.

अटक झालीच, तर कारण सांगावं लागतं आणि घरी कळवावं लागतं. वकिलाला भेटू द्यावं लागतं. 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि इथंच आपले लोक फसतात. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीवर सहसा चालत नाही. पण वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं आरोपीच्या समोर नोंदवलेला पुरावा कोर्टात चालतो. म्हणून न वाचता सही किंवा अंगठा नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर करता येत नाही. "वकील आल्यावर सांगतो" म्हणणं हा गुन्हा नाही.

आता मिटवण्याचं. काही प्रकरणं पैसे भरून मिटवायची तरतूद कायद्यातच आहे. ती रक्कम 5 लाखांपर्यंत जाऊ शकते. पण तो अधिकार वरच्या अधिकाऱ्याचा आहे, रस्त्यात अडवणाऱ्या गार्डचा नाही. पैसा सरकारजमा होतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचं प्रकरण तर असं मिटतच नाही. तेव्हा "दे पैसे, मोर मिटवतो" असं कुणी म्हणालं, तर ते पैसे गेलेच समजा. आणि उगीच छळायला कुणाची वस्तू जप्त केली, तर त्या अधिकाऱ्यालाही 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग पैसे नसलेल्या बाईनं करायचं काय? वकील फुकट मिळतो. बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न बघता. मुखेडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, नाहीतर 15100 वर फोन लावा. वन विभागाचा फोन 1926 आहे.

मैत्रिणींनो, हे दोन्ही नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी मिटवायला कर्ज मागितलं, तर तिला रागावू नका. आधी तिला विचारा, "वकिलाला फोन केला का?" नसेल केला, तर तिच्याजवळ बसून तुम्हीच लावून द्या.